जलपर्णीची ताटली

"अहो, ते सॅम्पल आहे!"

ऋचा ओरडेपर्यंत उशीर झाला होता. टेबलावरच्या तिच्या ताटलीत एका उंच मुलाने बटाटेवडा ठेवला होता... वर हिरवी चटणीसुद्धा.

"सॉरी — मला वाटलं, प्लेट आहे."

"प्लेटच आहे. पण जलपर्णीची. आपल्या नदीतून काढलेली."

त्याने वडा तोंडात टाकला आणि ताटली उलटी करून पाहिली. "चटणी झिरपली नाही. अभिनंदन!"

ऋचाला हसू आवरेना. युरोपातून मिळणाऱ्या संशोधन-निधीसाठी जोडीदार संस्था शोधण्याचा तो मेळावा होता. सकाळपासून ती टेबलाटेबलाशी तेच सांगत होती — पोर्तुगालचं विद्यापीठ आमच्याबरोबर आहे, ताटल्या बनवणारा इथला कारखाना तेवढा हवाय. सगळे कार्ड देत होते. हो कुणी म्हणत नव्हतं.

"मी गंधार. भोसरीला माझा छोटा प्रेस आहे, पत्रावळी-द्रोण दाबून काढायचा," तो म्हणाला. "खरं तर शेजारच्या हॉलमध्ये मशीन बघायला आलो होतो. पण इकडून वड्यांचा वास आला..."

मग तो सगळा हिवाळा नदीकाठी गेला. धुक्यात दोघं पाण्याशी उतरायची, जांभळी फुलं बाजूला सारत जलपर्णी गोणीत भरायची. स्कूटरवर तो पुढे, ती मागे, मध्ये ती ओली गोणी. त्या गोणीचा ऋचाला हल्ली राग येऊ लागला होता.

ताटल्या मात्र बिघडत होत्या. प्रेसमधून सरळ निघत आणि गार होता होता कडेने वाकत. अर्ज पाठवायची तारीख जवळ आली. नाशिकच्या एका मोठ्या कारखान्याचा फोन येऊन गेला होता, ते तयार होते. गंधारला हे सांगायचं कसं... तिची जीभ रेटेना.

त्या दुपारी पुन्हा ताटल्या वाकल्या. गंधारने प्रेस बंद केला.

"ऋचा, माझ्या मशीनला एवढा दाब झेपत नाही."

"होईल रे. अजून एकदा —"

"नाशिकवाल्यांना हो म्हण."

ती चपापली. "तुला कसं कळलं?"

"त्यांना तुझा नंबर मीच दिला."

"म्हणजे... तू मला सोडून चाललायस?"

"प्रोजेक्ट सोडतोय, बाई!" तो हसला, मग हळूच म्हणाला, "इतकी वर्षं राबलीयेस यावर. माझ्यासाठी हे घालवलंस, तर तुझ्याकडे धड बघता येणार नाही मला. आणि मला तर बघायचंय... रोज."

खिडकीतून तिरपं ऊन आत आलं होतं. त्याच्या गालावर ऑइलचा डाग होता, तो ऋचाने ओढणीने पुसला — जरा जास्तच वेळ.

अर्ज नाशिकच्या नावाने गेला. भर पावसाळ्यात मंजुरीची मेल आली, तेव्हा आईलाही न सांगता ती आधी भोसरीला पोहोचली. निथळतच.

"मिळालं!"

गंधारने आनंदाने तिचे दोन्ही हात धरले. ते सोडायचं मग दोघांनाही सुचलं नाही.

"रविवारी घरी जेवायला ये," ती म्हणाली. "आधीच सांगते, बाबा फार प्रश्न विचारतात."

"युरोपवाल्यांपेक्षा जास्त?"

"कितीतरी!"

"विचारू देत," तो म्हणाला. "या वेळी मी माघार घेणार नाही."