मामाच्या सुराखाली

ही माझ्या सख्ख्या मामाची गोष्ट आहे. घडली तशी सांगतेय. पटली नाही तर सोडून द्या, पण मामा थापा मारतोय असं म्हणू नका. या गोष्टीत त्याची स्वतःचीच इतकी शोभा झाली आहे की असं मुद्दाम रचून कोणी सांगणार नाही.

आणि हो, भुतं रात्रीच येतात असं समजून वाचायला बसला असाल तर निराश व्हाल. हे घडलं भर दुपारी, जेवणाच्या सुट्टीनंतर, शहराच्या बँडच्या सामानाच्या खोलीत.

मामा त्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतो. तेव्हा त्याची दुसरी खुर्ची होती. पहिल्या खुर्चीवर नाना बसायचे. नाना म्हणजे बँडमधले सगळ्यात जुने वादक. त्यांचा सूर इतका भरदार होता की बागेत फिरायला आलेली माणसं चालता चालता थांबायची.

मामाचा सूर पातळ. फटीतून वारा यावा तसा चिरका.

पण ते कोणाला कळायचंच नाही.

कारण मामा नानांच्या सुराखाली लपायचा. अवघड जागा आली की बोटं चालवायची, गाल फुगवायचे... आणि फुंकायचं नाही. शेजारी बसणाऱ्या नानांना हे कळत नव्हतं थोडंच? पण चारचौघांत ते कधी बोलले नाहीत. तालीम संपली की हळूच म्हणायचे, "फुंकत जा रे बाबा. मी काय तुला जन्मभर पुरणार आहे?"

मामा हसून वेळ मारून न्यायचा.

मग नानांना दम्याने गाठलं. शेवटी शेवटी प्रत्येक सुराआधी त्यांच्या छातीतून शीळ ऐकू यायची. तरी ते यायचे, वाजवायचे. मामाला वाटायचं, आता तरी आपण फुंकायला हवं. नुसतं वाटायचं.

त्या हिवाळ्यात नाना गेले.

पहिली खुर्ची मामाकडे आली. त्याच्या मुलीने, म्हणजे माझ्या मामेबहिणीने, गल्लीभर सांगून टाकलं की बाबा आता सगळ्यांच्या पुढे बसतो. पहिल्याच तालमीला बँडमास्तरांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं.

"फक्त क्लॅरिनेट. एकट्याने."

मामाने वाजवलं. मागच्या रांगेत कोणीतरी हसू दाबलं. ते नीट दाबलंही गेलं नाही.

मास्तर चिडले नाहीत. ते चिडले असते तर बरं झालं असतं, असं मामा म्हणतो. त्यांनी फक्त विचारलं, "इतकी वर्षं हा आवाज कुठे होता?"

मामा क्लॅरिनेट पुसत बसला.

"वार्षिक कार्यक्रमापर्यंत सूर सुधार. नाही तर क्लॅरिनेट ठेव आणि झांजा घे."

मामाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी मामीने विचारलं तर डोकं दुखतंय म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. झांजा घेऊन उभा असलेला बाप पाहून मुलगी गल्लीत काय सांगेल, हेच त्याच्या डोक्यात फिरत होतं.

दुसऱ्या दिवसापासून तो दुपारी सामानाच्या खोलीत बसू लागला. तिथे चारही भिंतींना गणवेश टांगलेले असतात. एकच सूर धरायचा. श्वास पोटातून घ्यायचा. क्लॅरिनेटच्या तोंडाशी असलेली वेताची पत्ती चावायची नाही, खालचा ओठ तिच्याखाली उशीसारखा ठेवायचा. सूर अगदी हळू सुरू करायचा, फुलवायचा, पुन्हा हळू विझवायचा. हे सगळं नानांनीच कधीतरी शिकवलं होतं.

सूर काही भरत नव्हता.

एका दुपारी त्याचा दम संपला. त्याने क्लॅरिनेट ओठांपासून काढलं.

सूर... थांबला नाही.

क्षणभरच. मग विझला, अगदी अलगद.

मामाला आधी वाटलं, खोली घुमली असेल. पण कपड्यांनी गच्च भरलेल्या त्या खोलीत टाळी वाजवली तरी घुमत नाही. त्याने पुन्हा सूर धरला. पातळ, चिरका, नेहमीचा. आणि त्याच्या खालून... दुसरा एक सूर वर आला. भरदार. मामाचा सूर त्याने सावकाश झाकून टाकला.

तो आवाज मामा झोपेतही ओळखेल.

त्याची पाचावर धारण बसली. पण तो पळाला नाही. त्या क्षणी मनात पहिलं काय आलं, ते त्याने मला मान खाली घालून सांगितलं.

मनात आलं, झांजा टळल्या.

वार्षिक कार्यक्रमाला मुलगी पुढच्याच रांगेत बसली होती. खोलीबाहेर तो सूर येईल की नाही, याचीच मामाला काळजी होती. त्याने एकल, म्हणजे एकट्याने वाजवायचा भाग, सुरू केलं.

सूर आला.

सभागृह चिडीचूप झालं. लांब सुराच्या मध्येच मामाचा दम तुटला, ओठ सुटले... आणि सूर चालूच राहिला. मामाने घाईघाईने पुन्हा तोंड लावलं. लोक डोळे मिटून ऐकत होते, कोणाच्या लक्षात आलं नाही. मुलगी तर हात दुखेपर्यंत टाळ्या वाजवत होती. तिच्याकडे बघायची मामाला लाज वाटली.

कार्यक्रम संपल्यावर तो मास्तरांकडे गेला. "मास्तर, तो मी नव्हतो."

मास्तर कागद गोळा करत होते. "माहीत आहे. मला कान आहेत."

मामा उभाच.

"पुढच्या वेळी सूर संपेपर्यंत तोंड काढू नकोस," मास्तर म्हणाले. "लोक बघतात."

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. मामाचं नाव झालं. सूर कसा भरदार करायचा ते शिकायला मुलं त्याच्याकडे येतात. तो श्वास शिकवतो, ओठ शिकवतो, आणि त्यांचे सूर खरंच सुधारतात. कोणी म्हणालं, सर, एकदा वाजवून दाखवा, की सरांचा ओठ सोललेला असतो.

मागच्या महिन्यात तो आमच्याकडे आला. चहा तसाच निवत ठेवून बसला होता. मग एकदम म्हणाला, "मेलेला माणूस दमतो का गं?"

तेव्हा त्याने मला हे सगळं सांगितलं. सामानाच्या खोलीतला सूर आता थरथरतो म्हणाला. सुराच्या आधी गणवेशांच्या मागून... छातीतली शीळ ऐकू येते. कधी खोकल्याची उबळ येते. मग सूर पुन्हा उचलला जातो.

"नाना, पुरे. आता आराम करा. एवढंच म्हणायला गेलो होतो," मामा म्हणाला. "वाटभर घोकत गेलो. तोंड उघडलं, तेवढ्यात मास्तर डोकावले. म्हणाले, रविवारचं एकल पक्कं ना?"

"मग?"

"मी म्हटलं, पक्कं."

मी म्हणाले, "मामा, एकदा तूच वाजव. पातळ तर पातळ."

 तो कपाकडे बघत म्हणाला, "मुलगी जावयाला घेऊन येणार आहे."

त्या रविवारी मी गेले होते. मुद्दाम पुढे बसले. एकल सुरू झालं. शेवटच्या लांब सुराआधी मी कान टवकारले... आणि मला ती शीळ ऐकू आली. कोणीतरी मोठ्या कष्टाने, छाती ओढून श्वास घेत होतं.

मी मामाकडे बघितलं. गाल फुगलेले. बोटं चालू. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

छाती हलत नव्हती.

सूर लांबला... मध्ये थरथरला... खोकल्यासारखा तुटला... आणि पुन्हा उचलला गेला. मामाने तोंड काढलं नाही.

लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. जावई कोणाला तरी सांगत होता, हे आमचे सासरे.

पुढच्या कार्यक्रमाची तारीख लागली आहे. मामाने अजून नाही म्हटलेलं नाही.