अपुरी खंडी

डॉक्टर शरच्चंद्रांच्या दवाखान्यात रोग्याला बेशुद्ध करायचं काम कंपाउंडर नीळकंठकडे असे. नाकावर फडकं धरायचं, वर क्लोरोफॉर्म थेंबथेंब सोडायचं आणि रोग्याला आकडे म्हणायला लावायचे. बहुतेक जण दहाच्या आतच गप्प होत.

त्या दुपारी टेबलावर पुंजाजी होता, धामणगाव बढ्याच्या बाजारातला मापारी. डाव्या बरगड्यांवर नारळाएवढी गाठ. "लाखात एखाद्याला होते," डॉक्टर म्हणाले, "भोवतीचं चांगलं मांसही काढू. मूळ राहिलं तर पुन्हा धरते."

"म्हणा, एक," नीळकंठ म्हणाला.

"लाभ…"

धान्य मापणारा पहिल्या मापाला एक म्हणत नाही, लाभ म्हणतो. नीळकंठला हसू आलं. "दोन… तीन…" आवाज जड होत गेला आणि एकोणीसला थांबला.

गाठ मुळासकट निघाली, बरणीत स्पिरिटमध्ये पडली. पण दिवस कलला, डॉक्टरांचे उपाय थकले, तरी पुंजाजी डोळे उघडेना. खोलीत क्लोरोफॉर्मचा गोडसर वास कोंडला होता. नीळकंठ पुन्हापुन्हा नाडी बघत होता, थेंब त्यानंच सोडले होते.

पायाशी बसलेली पुंजाजीची बायको झुंबरबाई हळूच म्हणाली, "कुठवर मोजलं त्यायनं?"

"एकोणीस."

तिचा चेहरा उतरला. "वीस कुडवाची खंडी राह्यते, भाऊ. अपुरी सोडून मापारी उठत नाही. तेवढी भरून द्या…"

"तुम्हीच म्हणा, बाई."

"मी कशी म्हनू? माप ज्याच्या हाती, त्यानंच म्हना लागते. फडकं तुमच्या हाती होतं."

नीळकंठ शिकलेला माणूस, असल्या गोष्टी त्याला पटत नसत. पण नाडी बोटांखालून निसटत चालली होती. तो पुंजाजीच्या कानाशी वाकला आणि ओशाळल्यासारखा म्हणाला, "वीस."

पुंजाजीनं खोल श्वास घेतला. डोळे उघडले. "भरली काय खंडी?" असं विचारून त्यानं पाणी मागितलं. झुंबरबाई पदरात तोंड लपवून रडली.

दिवेलागणीला नीळकंठ धुतलेले चिमटे मोजायला बसला. रोजचंच काम. पहिला चिमटा उचलला, पण त्यानं तोंड उघडायच्या आधीच कुणीतरी जड आवाजात म्हणालं, "लाभ…"

खोलीत तो एकटाच होता. त्यानं सदऱ्यात हात घातला. डाव्या बरगडीवर हरभऱ्याएवढी गाठ बोटाला लागली. सकाळी अंघोळीला ती नव्हती.

चिमटा तसाच खाली ठेवून तो श्वास रोखून बसला. बोटाखाली गाठ किंचित हलली.

"दोन…"