उत्तरेचा बाण

घराच्या बाजूला नाव देताना बघणाऱ्याचं तोंड धरायचं नाही, भिंतीचं धरायचं. भिंत जिकडे तोंड करून उभी, तेच तिचं नाव. बावीस वर्षं मी नकाशे काढतेय. ऑफिसात नव्याने येणाऱ्या प्रत्येकाकडून हे घोकवून घेते. आणि स्वतःच्या घराच्या नकाशात मीच माती खाल्ली.

बाबांच्या खोलीला लागून न्हाणीघर बांधायचं होतं, त्याची परवानगी हवी होती. खोली उत्तरेची, गल्लीकडची. तिथे कधीच ऊन नाही. पडल्यापासून बाबा अंथरुणाला खिळलेले, आणि थंडी सुरू झाली तसं त्यांनी जेवणही टाकलं. "हाडं गारठलीत गं," एवढंच म्हणायचे. दुसरी खोली नव्हती. माझा जीव तुटायचा.

मंगळवारी घाईघाईत नकाशा पुरा केला. गल्लीतून घराकडे बघताना माझं तोंड दक्षिणेला, म्हणून गल्लीकडच्या भिंतीच्या चित्राखाली मी चक्क 'दक्षिण बाजू' लिहिलं आणि मागच्या भिंतीखाली 'उत्तर'. तेही शाईने. तसाच कागद दाखल केला.

बुधवारी दहा वाजता बाबांचा चहा घेऊन गेले, तर त्यांच्या पांघरुणावर ऊन पसरलं होतं.

मी बाहेर धावले. घराची सावली रोजच्यासारखी गल्लीत पडली होती. समोरच्या काकूंच्या बैठ्या घरावर त्यांचं रोजचं ऊन होतं. आणि आमच्या गल्लीकडच्या भिंतीवरही होतं. सूर्य तर घरामागे! मागे जाऊन तिथल्या भिंतीला हात लावला. ती भर उन्हात उभी होती आणि गारढोण होती.

त्या दिवशी बाबांनी ताट स्वच्छ केलं. "बघत काय बसलीस? वाढ अजून," म्हणाले.

मग मला चूक आठवली. कुणाला काय सांगणार? वेड्यात काढलं असतं.

शुक्रवारी मंजुरी खात्याच्या तपासनीसांनी बोलावून कागद पुढे टाकला.

"बाई, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. बाजूंची नावं आणि उत्तरेचा बाण जुळत नाहीत."

"मग?"

"मग काय? नावं बदला, नाहीतर बाण फिरवा. दोन्ही जुळले की माझी सही." आणि स्वतःच्या विनोदावर हसले.

कागद घरी आणला. नावंच बदलायला हवीत हे मला चांगलंच ठाऊक होतं. पण आत बाबा उन्हात पाय सोडून बसले होते, कितीतरी महिन्यांनी.

बाण करंगळीएवढा असतो. ब्लेडने खरवडला आणि उलटा काढला.

शनिवारी सकाळी सूर्य गल्लीच्या बाजूला होता.

आभाळातला. सगळ्यांचा.

मी पायरीवर खिळून उभी राहिले. बाप रे! एवढं मोठं काही हललेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं. डोळे भरून आले. लोक कामाला चालले होते. एकानेही वर पाहिलं नाही.

समोरच्या काकू शाल गुंडाळून दारात आल्या. त्यांच्या अंगणात गच्च सावली होती.

"नशीब काढलंत गं तुम्ही," त्या म्हणाल्या. "आमच्या दाराला जन्मात ऊन नाही."

"काकू, कालपर्यंत तर..."

"काल काय?"

त्या खोकत आत वळल्या आणि गारवा येतो म्हणून खिडकीचा पडदा ओढून घेतला. मूळचा तो जांभळा असावा. उन्हाने त्याचा रंग पार उडाला होता.