गार न होणारं इंजिन

टॅपेट सेटिंगचं म्हणाल, तर पहिला नियम एकच. इंजिन गार पाहिजे. रात्रभर उभं राहिलेलं, पहाटे हात लावला तर हात मागे घ्यावासा वाटेल असं. धातू तापला की फुगतो, व्हॉल्व्हच्या डोक्यावर जी केसाएवढी फट ठेवायची असते ती बदलते, आणि मग मिस्त्री कितीही वस्ताद असो, माप चुकतंच. फट जास्त राहिली तर इंजिन टकटक करतं आणि गिऱ्हाईक डोकं खातं. फट उरलीच नाही तर इंजिन गप्प राहतं, गिऱ्हाईक खूश होतं, आणि आत व्हॉल्व्ह जळत जातो. जुन्या पळणाऱ्या गाड्यांत तर तो भर वेगात तुटतो आणि मागचं चाक जागच्या जागी अडकतं. पुढचं सांगत नाही, तुम्हालाही याच गाडीवर घरी जायचंय.

तुमची गाडी गार होईपर्यंत वेळ आहे, म्हणून एक सांगतो. चहा घ्या.

क्रांती चौकातले मोठमोठे वर्कशॉपवाले ज्या गाड्यांपुढे हात टेकतात, त्या इथं हर्सूलला माझ्याकडे येतात. ही फुशारकी नाही, कुणालाही विचारा. भुताखेतांचं म्हणाल तर आमच्या घराण्यात ते खातंच नाही. आजोबांनी धम्म घेतला तेव्हा देव्हारा काढला. आजी म्हणायची, देव ज्या दारानं गेला त्याच दारानं भुतंही गेली, आता भ्यायचं ते फक्त सासूला. मी त्याच तालमीत वाढलो. एवढं लक्षात ठेवा आणि मग ऐका.

मागच्या जानेवारीत सुलेखाताई गॅरेजवर आल्या. आमच्याच गल्लीतल्या, माझ्यापेक्षा मोठ्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, घरात त्या आणि मुलगी श्रेया, दोघीच. श्रेया शेंद्र्याला कंपनीत इंजिनिअर. पोरीनं एक जुनी जपानी मोटरसायकल घेतली होती, चार सिलिंडरची, एका बंद बंगल्याच्या शेडमधून. कुणाची होती, किती वर्षं उभी होती, विकणाऱ्यालाही धड सांगता येईना. ‘न्यायची तर आजच न्या’ एवढंच म्हणाला.

“सम्यक, ही रविवारी पैठणला आवडाक्काकडं जायचं म्हणती. ह्या धुडावर,” ताई म्हणाल्या. आवडाबाई म्हणजे त्यांची थोरली बहीण, घरी माग आहे, पैठण्या विणते. “तू गाडी बघ अन् तूच सांग. तू व्हय म्हणला तर जाईल, नाय म्हणला तर नाय. माझ्या पोटी एकच हाय रे.”

“मामा, आईचं सोडा. तुम्ही फक्त टॅपेट करा,” श्रेया म्हणाली.

“माझ्या हाताखालून गेली की गाडी म्हशीसारखी गरीब होते,” मी म्हणालो. “बिनघोर राहा, ताई.”

शब्द देऊन बसलो. पोरगी रोज संध्याकाळी कामावरून सुटली की यायची, त्या गाडीवर बसायची, टाकीवर गाल टेकून ऑफिसच्या गमतीजमती सांगत राहायची. मला सांगते की गाडीला, तेच कळायचं नाही. बडबडी पोर. मला फार आवडायची.

गाडी कामाला घेतली त्या पहिल्या दिवशी पहाटे शटर उघडलं. तलावाकडून धुकं येत होतं, लोखंडी पाने हातात धरवत नव्हते. इंजिनावर हात ठेवला तर ऊब.

म्हटलं, रात्री कुणी चालू केली? पण कुलूप माझं, किल्ली माझ्या उशाशी. गरम इंजिनावर काम करायचं नाही म्हणून दिवस सोडून दिला. संध्याकाळी पेट्रोल काढलं, बॅटरी काढून फळीवर ठेवली, चारही प्लग काढून खिशात घातले. आता चालू करून दाखव, म्हटलं.

पहाटे पुन्हा ऊब.

तेव्हा मी नीट हात फिरवला. चालू होऊन बंद झालेलं इंजिन सगळ्यात जास्त तापतं ते सायलेन्सरच्या नळीपाशी. ती नळी बर्फासारखी गार होती. ऊब होती सिलिंडरच्या पात्यांवर, सीटवर, आणि टाकीच्या दोन्ही अंगांना, चालवणाऱ्याचे गुडघे येतात तिथं. पेट्रोल जाळून येते तशी ती नव्हतीच. माणूस उठून गेल्यावर अंथरुणाला राहते, तशी होती.

घाबरलो का? नाही. मला राग आला. माझ्या गॅरेजात माझ्या कामात कोण खोडा घालतं? गोणपाट ओलं करून इंजिनावर टाकलं, पंखा लावला. दुपारी ऊन डोक्यावर असताना इंजिन एकदाचं गार पडलं. रस्त्यावर रिक्षा, शाळेची पोरं, पलीकडे भज्यांचा घाणा. अशा भर वर्दळीत मी कामाला बसलो.

प्लगच्या भोकावर अंगठा ठेवायचा आणि दुसऱ्या हातानं मागचं चाक फिरवायचं. पिस्टन वर आला की हवा अंगठ्याला ढकलते. मग त्या सिलिंडरची फट मोजायची, स्क्रू फिरवायचा, नट आवळायचा. पहिला झाला. दुसरा झाला. हात झकास चालत होता.

तिसऱ्यावर अंगठा ठेवला. चाकाला अजून हात लावला नव्हता... आणि वासरू बोट चोखतं तसा अंगठा आत ओढला गेला.

मग सोडला. आतून हवा आली. ओली, कोमट. तेलाचा वास नव्हता तिला. झोपलेल्या माणसाच्या तोंडाशी गेलं की येतो, तो वास होता.

मी चाकाकडे पाहिलं. चाक स्थिर. पुन्हा ओढ... पुन्हा ऊब. सावकाश. आणि मग माझ्या लक्षात आलं, ते माझ्याच तालावर चाललं होतं. मी श्वास धरला. तेही थांबलं. मी सोडला. त्यानंही सोडला. शिकवणीला बसलेल्या पोरासारखं ते माझ्याकडून उचलत होतं.

मी भ्यालो. उघड सांगतो, आयुष्यात पहिल्यांदा भ्यालो. उरलेले दोन सिलिंडर तसेच टाकून शटर खाली ओढलं आणि घरी आलो. बायकोलाही बोललो नाही. काय बोलणार? आजीनं हाकललेलं परत आलं म्हणू?

ताईंना फोन करून एवढंच सांगितलं, “नाही. रविवारी नाही.”

श्रेया रुसली. मी सांगितलं, व्हॉल्व्ह जळालाय, मुंबईहून मागवावा लागेल. रविवारी तिची समजूत काढायला दुपारी ताईंच्या घरी गेलो. गाडी माझ्या गॅरेजात, कुलपात, बिनपेट्रोलची, प्लग माझ्या खिशात. ताईंनी मलाही ताट वाढलं. श्रेया समोर बसून मुकाट्यानं जेवत होती. तेवढ्यात ताईंचा फोन वाजला. हात खरकटा, म्हणून त्यांनी स्पीकरवर टाकला. मागं मागाची खटखट ऐकू येत होती.

“सुले, पोचली बघ तुझी लेक. उगंच जीव टांगणीला लावती तू.”

ताई हसल्या. “कोण पोचली, आक्का?”

“कोण म्हंजी? श्रेया. जेवण केलं, आता हात धुवाय गेलीय.”

श्रेयाचा घास हातातच राहिला. ती बोलणार तोच मी तिला खुणेनं गप्प केलं. का, ते मला आजही सांगता येणार नाही.

“ही बघ आली. बोल गं आईसंगं.”

फोन हातात घेतल्याचा आवाज. मग एक श्वास... आत... बाहेर.

“आई, पोचले गं.”

श्रेयाचाच आवाज. तीच घाई, तेच शब्द गिळणं. माझ्या समोरची श्रेया पांढरीफटक पडली.

“गाडी एकदम भारी चालली. मामा आहेत ना तिथं? त्यांना सांग, दोन राहिले होते ना... ते मी केले.”

दोन राहिल्याचं मी कुणालाही सांगितलं नव्हतं.

“मावशीनं पैठणी दिलीये. माझ्या लग्नासाठी विणली म्हणे. निघते आता. येते मी, आई.”

आणि सुलेखाताईंनी जे केलं ते कुठल्याही आईनं केलं असतं. आयुष्यभराची सवय. जा म्हणू नये, ये म्हणावं. जिभेवर होतं तेच बाहेर पडलं.

“सावकाश ये गं, बाळा.”

फोन बंद झाला. ताईंनी खरकटा हात तोंडावर धरला.

“आई,” श्रेया अगदी हळू म्हणाली, “तू तिला... ये म्हणालीस.”

त्या रात्री ताईंनी दाराला कडी घातली, कडीला कुलूप घातलं. मायलेकी एका अंथरुणावर हात धरून बसल्या. मी बाहेर ओट्यावर घोंगडी घेऊन बसलो. माझा शब्द होता, पोरीला काही होऊ देणार नाही म्हणून. डोळ्याला डोळा लागू दिला नाही. गल्लीत कुत्रंसुद्धा आलं नाही. कुणी आलं नाही, हे मी कुणापुढेही छातीठोक सांगेन.

उजाडलं. ताईंनी दार उघडलं. रडत होत्या, हसत होत्या. “सम्यक, गेलं रे बाबा, टळलं,” म्हणाल्या. मी आत गेलो. श्रेया आरशासमोर केस विंचरत होती. ताई घोंगडी ठेवायला कपाटाकडे गेल्या आणि तिथंच थांबल्या.

कपाटात वरच्या फळीवर पैठणी होती. कोरी, घडी न मोडलेली, मोरपंखी.

“श्रेया... ही कुठून आली गं?”

श्रेयानं आरशातूनच आमच्याकडे पाहिलं.

“असं काय करतेस, आई? मावशीनं दिली ना. काल.”