एकेचाळिसावं जर्नल

"गठ्ठा या पाटावर ठेवायचा आणि नऊ मिनिटं थांबायचं. बस्स!" डॉ. रेणुका अष्टेकर म्हणाल्या.

सोलापुरातल्या एका विद्यापीठाची पदार्थविज्ञान प्रयोगशाळा, साल २०४७. दुसऱ्या दिवशी मूल्यांकन समिती यायची होती. समिती येणार म्हटलं की प्राध्यापक मंडळी महिनाभर शिकवणं सोडून फायली रंगवत, जुन्या तारखा घालून सह्या ठोकत. रेणुकाबाईंना त्या नाटकाचा मनस्वी तिटकारा होता. म्हणून तर त्यांनी स्मृतिकागद बनवला आणि तीन वर्षांपासून सगळी जर्नलं त्याचीच होती.

"पण कागदाला कळतं कसं?" गुणवत्ता कक्षाचे प्रमुख प्रा. फिरोज मुलाणी यांनी विचारलं.

"लगद्यात उष्णता टिपणारे तंतू आहेत. कोणाचं बोट, कोणत्या दिवशी, किती वेळ टेकलं, हे प्रत्येक पान लक्षात ठेवतं. मुलानं कधी लिहिलं, शिक्षकानं कधी तपासलं, वेगळी नोंद नकोच. हा वाचकपाट सगळं उतरवून घेतो."

"आणि तारीख मागे ढकलायची असली तर?"

"एप्रिलमधली ऊब जूनमध्ये कुठून आणणार, सर?"

मुलाणी खूश झाले. पडद्यावर एकेक विषय हिरवा होत गेला. शेवटचा मात्र लाल. उष्मागतिकी, तिसरं वर्ष, साठ जर्नलं, तपासल्याचा माग शून्य. शिक्षक : डॉ. रेणुका अष्टेकर.

बाईंचा चेहरा पडला. एप्रिलमध्ये त्या याच पाटाच्या जोडणीत बुडाल्या होत्या. जर्नलं न उघडताच त्यांनी सगळ्यांना सरसकट वीसपैकी अठरा गुण देऊन ती परत केली होती; समितीसाठी ती आता मुलांकडून पुन्हा गोळा केली होती. दिव्याखाली अंधार! आणि एक विषय जरी बाद झाला, तरी विभागाची मान्यता जाणार, पुढच्या वर्षीचे प्रवेश बंद होणार.

"तुमचा विषय यादीतून वगळू या का? कोणाला कळतंय," मुलाणी हळूच म्हणाले.

"मला कळतंय ना! आणा ती जर्नलं इकडे."

सकाळचे दहा वाजले होते. बाई वाचायला बसल्या. कोणी आलेख शेजाऱ्याचा जसाच्या तसा उतरवला होता, कोणी जीव ओतून लिहिलं होतं. दोघांनाही अठराच! बाईंना स्वतःची लाज वाटली. त्या खोडून नवे गुण देत गेल्या.

एकेचाळिसावं जर्नल चेतना गवसानेचं होतं. सातव्या प्रयोगाच्या मध्येच तिनं लिहिलं होतं, "मॅडम, इथपर्यंत आलात तर एक सही करा. वर्गाशी पैज लागली आहे. मी म्हणते, तुम्ही वाचता."

बाईंनी ते पान पाटावर ठेवलं. गुण मिळाल्यानंतर ते अकरा वेळा उघडलं गेलं होतं. अकराही वेळा बोट चेतनाचंच. बाईंचे डोळे भरून आले. त्यांनी सही केली, खाली त्या दिवसाची तारीख घातली आणि लिहिलं, "पैज हरलीस ती माझ्यामुळे. चुकले."

दुसऱ्या दिवशी समितीच्या अध्यक्षीणबाईंनी ते पान दोनदा वाचलं.

"तपासणी कालची?"

"कालचीच. सतरा जणांचे गुण कमी झाले, नऊ जणांचे वाढले. उशिराचा दोष माझा, तसा अहवालात लिहा."

"लिहिणारच. पण तीस वर्षं फायली बघतेय मी. चूक तिच्या खऱ्या तारखेसकट आज पहिल्यांदा बघितली." त्यांनी विषय मान्य केला.

संध्याकाळी जर्नलं परत गेली. आठवड्यानं चेतनाचं जर्नल पुन्हा पाटावर आलं, तेव्हा सातव्या प्रयोगाच्या त्या पानावर साठही जणांची बोटं उमटली होती.