गल्लीतला नवा दात

टेबलावर सावली पडली आणि तिच्या हातातल्या दाताचा रंग चुकला.

ती कवळ्या बनवायची. नवा दात शेजारच्या जुन्या दातांत मिसळून जावा, म्हणून त्याचा रंग दिवसाच्या उजेडातच जुळवावा लागे. आणि आज त्याच उजेडात ही आडवी सावली! समोरच्या रिकाम्या जागेत कुणीतरी बांबू रोवून वर कापडाची रुंद पट्टी ताणत होतं.

"अहो पट्टीवाले! हे काय चाललंय?"

तो वर बघून हसला. "नवी इमारत एवढी उंच होणार. शेजाऱ्यांना आधी कळावं म्हणून बांधतोय. हरकत असेल तर सांगा."

"आहे ना! वर या, दाखवते."

तो आर्किटेक्ट होता. टेबलावर ओळीनं मांडलेले दात बघून म्हणाला, "म्हणजे आपला धंदा एकच! जुन्या ओळीत नवा बसवायचा."

"तुमचा दात जरा मोठाच आहे."

त्यानं पटकन तोंडावर हात ठेवला.

"इमारतीबद्दल बोलतेय हो!" ती खळखळून हसली... आणि स्वतःच दचकली. आई गेल्यापासून या घरात कुणी हसलं नव्हतं. दवाखान्यातून येणारं कामसुद्धा खिडकीतून सोडलेल्या पिशवीतून वर यायचं.

पुढच्या गुरुवारी तो नकाशा घेऊन आला. तिला खिडक्या खुपल्या. मग रंग. मग पन्हाळ. ती खुसपटं काढत राहिली, तो येत राहिला. गुरुवार सरला की घर खायला उठायचं.

एका गुरुवारी मात्र त्यानं नकाशा न उघडता संमतीचा कागद पुढे ठेवला. "जागेचे मालक कंटाळलेत. आज तुमची संमती मिळाली नाही, तर काम दुसऱ्याला देणार."

नाही म्हटलं तर याचं काम जाणार. सही केली तर उजेड जाणार, आणि हाही. तिनं सही केली.

"अहो, पण उजेडाचं काय?"

"बसेन दिव्याखाली. हरकत तेवढी एकच खरी होती. बाकीची खुसपटं... तुम्ही यावं म्हणून." तिची मान वर होईना. "फार एकटी आहे हो मी."

तो ताडकन उठला. भराभर जिना उतरून गेला.

तिनं एक दात उचलला, पण डोळे भरून आले होते, रंग दिसेना. तेवढ्यात टेबलावरची सावली हलली... सरकली... नाहीशी झाली. ती खिडकीशी धावली. तो शिडीवर उभा होता, सोडलेली पट्टी हातात घेऊन.

"वरचा मजला मी दुसऱ्याच गुरुवारी नकाशात मागे सरकवला होता, तुमचा उजेड अडू नये म्हणून," तो कानापर्यंत लाल होत म्हणाला. "पट्टी तेव्हाच काढायला हवी होती. पण मग तुमची हरकतच उरली नसती... आता कुठल्या निमित्तानं येऊ?"

टेबलभर ऊन पसरलं होतं.

"निमित्त कशाला हवं?" ती म्हणाली. "जिना आहे की. या."