सगळ्यांचे निरोप एका ठिकाणी

जव्हारच्या एसटी डेपोत रविना मांडीवर तीन फोन घेऊन बसली होती. एकावर लिहून होतंय तोवर दुसरा थरथरत होता. शेजारी नाशिकच्या गाडीची वाट पाहणारा तरुण हसला.

"तीन-तीन फोन... दुकान टाकताय की काय?"

"बाळंतिणींसाठी गाड्या धाडते," ती मान वर न करता म्हणाली. "गावोगावच्या आशाताई व्हॉट्सअ‍ॅपवर, जीपवाले टेलिग्रामवर, आणि पाड्यांवर बटणाचे फोन, तिथून एसएमएस येतात. इकडचं तिकडे मीच लिहून कळवते. गेल्या महिन्यात एक निरोप राहिला. सुकीचं बाळ वाटेतच झालं. वाचलं, पण नशिबानं..."

त्याचं हसू मावळलं.

तो पोशेऱ्याचा हेमराज. संगणकाचं शिकला होता, पुण्यात नोकरी लागली होती. कॉलेजातून दाखला आणायचा आणि पंधरा दिवसांनी हजर व्हायचं, एवढंच उरलं होतं.

"तिन्ही एकाच सर्व्हरला जोडता येतात," तो म्हणाला. "कुणी कशावरूनही लिहावं, बाकीच्यांना आपापल्या फोनवर दिसेल."

"मग जोडा."

"आत्ता? माझी गाडी... कॉलेजातून दाखला आणायचाय."

"दाखला उद्याही मिळेल."

आता कुठे तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं. गाडी लागली, सुटली. हेमराज बसूनच राहिला.

रविना काम करायची त्या संस्थेच्या खोलीत जुन्या लॅपटॉपवर काम सुरू झालं. आधी एसएमएस येईचनात. आले तेव्हा एकेक तीन-तीनदा आले.

"नाहीच जमलं तर?" हेमराजनं विचारलं.

रविनानं चहाचा कप पुढे सरकवला. "हे तुम्ही दुसऱ्यांदा विचारलंत. तिसऱ्यांदा चहा मिळणार नाही."

"मग तर जमवायलाच हवं," तो म्हणाला, आणि ती खिडकीकडे तोंड करून हसली.

तेराव्या दिवशी दुपारी वरच्या पाड्यावरून बुधीचा एसएमएस आला, "वयनीला कळा लागल्यात. गाडी धाडा." लगेच टेलिग्रामवरून जीपवाल्या तुळशीदासचं उत्तर उमटलं, "निघालो." तिथल्या आशाताईंनी व्हॉट्सअ‍ॅपवरून कळवलं, "मी फाट्यावर थांबते."

रविनानं एकाही फोनला हात लावला नव्हता. हात हेमराजच्या बाहीवर होता, घट्ट. चार वाजता निरोप आला — मुलगी झाली, दोघी सुखरूप. तेव्हा कुठे तिला बाहीची आठवण झाली.

"उद्या निघतो, दाखला घेऊन तसाच पुण्याला," तो हळूच म्हणाला. "काळजी करू नका. सर्व्हर पुण्यातूनही सांभाळता येतो."

"सर्व्हरचं कळलं. माझं काय?"

बाहेर पत्र्यावर पाऊस वाजत होता. हेमराज तिच्याकडे वळला.

"विचारणारच होतो... पण तुमच्या घरचे—"

"घरच्यांशी मी बोलेन. तुम्ही तुमचं सांगा."

"मला तू हवीस, रविना."

त्या 'तू'नं तिच्या कानशिलांपर्यंत ऊब चढली. पण आवाज हलला नाही.

"मग नोकरीवर हजर हो. आणि पहिल्या रविवारी आईला घेऊन आमच्या गावी, साखरशेतला ये. भाताची लावणी आटोपलीय, बाबा घरीच असतात."

"नाही म्हणाले तर?"

"तर दुसऱ्या रविवारी ये."